रोल-प्ले घेतल्यावर मुलांचा आत्मविश्वास उलट कमी झालाय, मदत हवी आहे

खडूफळा: कॉलेजात शिकवते. मुलांची सेल्फ-एफिकसी (हे काम मला जमेल हा विश्वास) वाढावी म्हणूनच सिम्युलेशन, म्हणजे रोल-प्ले, घेतलं, आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली तर नंतरचे आकडे खाली. सोमवारी दुसरी फेरी आहे आणि काही मुलं सरळ म्हणतायत मॅडम आम्ही नुसतं बघतो. काय बदलू ते सांगा. प्लीज थिअरी नको, ही संकल्पना मांडणारा मानसशास्त्रज्ञ बांडुरा वाचलाय.

आकडेमोड: विषय कुठला, मुलं किती, प्रश्नावली कुठली? यातलं काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

खडूफळा: आंतरराष्ट्रीय संबंध. संयुक्त राष्ट्रांची १५ देशांची सुरक्षा परिषद केली होती, वर्ग ६० चा. प्रश्नावली ती नेहमीचीच, १० वाक्यं, १ ते ४ वाली.

तिसरी_घंटा: आधी अर्धा तास वॉर्मअप घ्या, गोलात उभं करा, आवाज मोकळा होऊ द्या. अंगात भूमिका शिरल्याशिवाय मुलं बोलणारच नाहीत, मी वर्षानुवर्षं नाटकाची शिबिरं घेतोय.

आकडेमोड: ती श्वार्त्सर-येरुसलेमची जनरल सेल्फ-एफिकसी स्केल. माणूस एकंदर अडचणींना कसा तोंड देतो ते विचारते, एका रोल-प्लेने ती वर जाईल ही अपेक्षाच नको. बांडुराने २००६ मध्ये स्केल कशी बनवावी ते लिहिलंय, नेमकं काम सांगून ० ते १०० मध्ये खात्री विचारायची. उदा. 'समोरच्याने मधेच तोडलं तरी माझ्या देशाची बाजू पूर्ण मांडू शकेन'. शिवाय वाटाघाटी कधी केल्याच नसतील तर त्या किती अवघड ते मुलांना माहीत नसतं, म्हणून आधीचे आकडे फुगलेलेच असणार. शेवटी एकदा हेही विचारा की आज मागे वळून बघता, सुरुवातीला हे किती जमलं असतं असं वाटतं.



शुश्रूषा: खडूफळा ताई, मी नर्सिंगला शिकवते. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये रुग्णाची भूमिका करणारी माणसं शिकवण्यासाठी वापरली तेव्हापासून आमच्या क्षेत्रात हे चालत आलंय. एक छोटा प्रसंग, मग त्यावर बोलणं, मग लगेच तोच प्रसंग परत. दुसऱ्यांदा जमतं ते मुलांना स्वतःलाच दिसतं. तुमच्याकडे जागा १५, मग बाकीची ४५ मुलं काय करत होती? आणि ठरावाचं काय झालं?

खडूफळा: एका देशाला चौघं दिली होती, बोलला बहुतेक एकेकच. ११ मतं बाजूने पडली, टाळ्या झाल्या आणि मग एका कायम सदस्याची व्हेटोची (नकाराधिकाराची) पाटी वर गेली. मुलं हिरमुसली. चर्चेला १० मिनिटं मिळाली, पुढचा तास होता.

शुश्रूषा: मग गाडं इथेच अडलंय! नियमाने ९ मतं हवीत आणि पाच कायम सदस्यांपैकी कुणाचा विरोध नको. म्हणजे सिम्युलेशन अगदी बरोबर चाललं, पण मुलांच्या लेखी ती हरली, आणि स्वतः करून जमल्याचा अनुभव हाच तर सेल्फ-एफिकसीचा सगळ्यात मोठा आधार. यश ठरावावर ठेवू नका, भूमिकेवर ठेवा. मसुद्यात एक कलम घालून घेतलं, एखाद्या कायम सदस्याला व्हेटोऐवजी तटस्थ राहायला राजी केलं (तटस्थ राहिल्याने ठराव अडत नाही), हे सगळं यशच. आणि चौघांना वेगवेगळी कामं द्या, भाषण, मसुदा, बाहेरची बोलणी, नोंदी.

तिसरी_घंटा: तोच प्रसंग परत केला की मुलं पाठ करून येतात, उत्स्फूर्तपणा मरतो.

शुश्रूषा: तालमी तुम्हीही घेताच की. बुजलेल्या मुलाला आधी जमायला हवं, उत्स्फूर्तपणा मागून येतो.

मधला_बाक: मी विद्यार्थी आहे. वर्गातला नेहमीचा वक्ता छान बोलला की आम्हाला अजूनच भीती वाटते. आपल्यासारखाच अडखळणारा कुणी पाणी पिऊन परत बोलायला लागतो आणि त्याचं म्हणणं मान्य होतं, तेव्हा वाटतं आपणही बोलू. त्यामुळे बघतो म्हणणाऱ्यांना एकदा बघू द्या, पण कुणाला बघतायत ते तुम्ही ठरवा.

खडूफळा: हे फार कामाचं आहे, मनापासून आभार. सोमवारी ठराव तोच ठेवते, कामं वाटून देते आणि निम्मा वेळ चर्चेला. बघणाऱ्यांना नोंदींचं काम देते. आकडेमोड, जुनी प्रश्नावली बंद करू का?

आकडेमोड: नको, सेमिस्टरच्या शेवटी परत एकदा भरून घ्या. नवी मात्र पाच-सहा वाक्यांचीच ठेवा आणि सोमवारी सुरू करायच्या आधी द्या. मुलांना सांगा की याला मार्क नाहीत, नाहीतर सगळे १०० लिहितील.