बँकॉकमध्ये चार रात्री, सिलोमला दोघांनी कुठं बसावं? (सल्ला हवा)

विश्रामबागवाला

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा, वय ३१. पाच वर्षं पार्टनरसोबत राहतो. घरमालकीणकाकूंच्या लेखी आम्ही मामेभाऊ. पुढच्या महिन्यात दोघं बँकॉकला निघालोय. सिलोम भागात गे बार आहेत एवढं ऐकून आहे. नाचाची हौस नाही. दोन बिअर, जेवण, आणि शेजारी शेजारी बसणं, बास. इथं एकदा एका हॉटेलात फॅमिली सेक्शन अख्खा रिकामा होता, तरी "लेडीज नाहीत ना बरोबर? मग खाली बसा" म्हणून पिटाळलं. खाली म्हणजे टीव्हीवर मॅच आणि पलीकडच्या टेबलावर ओळखीचे.

पार्टनर शाकाहारी आहे, अंडंही खात नाही. फसायला कुठं होतं तेही सांगा.

मिरज_जंक्शन

तीन वर्षं नोकरीनिमित्त तिकडं होतो, म्हणून लांबलचक लिहितोय.

तुमच्यासाठी सिलोम सोय ४. सोय म्हणजे गल्ली. साला डेंग स्टेशनवरून चालत जाता येतं. गल्ली म्हणजे बोळच, दोन्ही अंगांना बार, आणि बाहेरच्या खुर्च्या बहुतेक गल्लीकडं तोंड करून मांडलेल्या. येणारा-जाणारा बघत बसणं हाच तिथला मुख्य कार्यक्रम. टेलिफोन पब १९८७ चा आहे. पूर्वी तिथं टेबलाटेबलावर फोन असायचे. समोरचा आवडला की त्याच्या टेबलाचा नंबर फिरवायचा. (आपल्याकडं एसटीडी बूथवर रांगा लागायच्या तेव्हाची गोष्ट!) अंधार पडता पडता जा, बाहेरची जागा मिळेल. त्याच गल्लीत स्ट्रेंजर बार आहे. जागा लहान, पण ड्रॅग शो (बायकांच्या झगमगीत वेशात पुरुषांची गाणी-नाच) झकास. शो आवडला तर कलाकाराला टिप द्या, नुसतं शूटिंग करत बसू नका.

सोय २ मध्ये डीजे स्टेशन, तिथं नाच. अकराच्या आधी गेलात तर भिंती बघत बसाल. हौस नाही म्हणता, तरी एक रात्र जाच.

आता फसायचं ठिकाण. पॅटपाँगचा रात्रबाजार अगदी लागून आहे. तिथं हातात कार्ड घेऊन "वर चला, शो फुकट" म्हणणारे भेटतील. वर गेलात की उतरताना बिल असं येतं की परतीचं तिकीट आठवतं. गो-गो बार (म्हणजे मंचावर तोकड्या कपड्यांत नाचणारे) हा प्रकारही सोय ४ पेक्षा वेगळा. तिथं पेयाचा दर आधी विचारायचा, मगच टेकायचं.

भडंग_मास्तर

भावा, येवढ्या लांब कशाला? मुंबईला महालक्ष्मीनं रात्रीत पोचतोयस की. तिथं न्हाई व्हय आसलं काय?

दादर_ते_सातारा

मास्तर, मुंबईत पार्ट्या आहेत, मोहल्ला नाही. बँकॉकचं सिलोम, माद्रिदचं चुएका, तोक्योचं शिंजुकू नि-चोमे यांसारखी कुठल्याही वारी सहज जावं अशी गल्ली आपल्याकडं झालीच नाही. एका घरमालकाला सांगून दुकान थाटायचं म्हटलं तरी समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ डोक्यावर होतं. ते सप्टेंबर २०१८ ला गेलं. त्यामुळं आपल्याकडं जागा नाही, तारीख ठरते: गे बॉम्बे या गटाच्या पार्ट्या १९९० च्या दशकाच्या शेवटापासून चालू आहेत, पण ठिकाण बदलत राहतं. आणि पार्टी म्हणजे दणदणाट. धागाकर्त्याला जेवायचंय.

तरी मुंबईत एक संध्याकाळ हाताशी असेल तर अंधेरीत विमानतळाजवळच्या ललित हॉटेलातल्या किटी सू या नाइटक्लबचं वेळापत्रक बघून घ्या. खिशाला मात्र चाट बसेल.

वांगी_भरीत

शाकाहाराचं मी सांगते. तिकडं भाजीतही नाम प्ला, म्हणजे माशाचा रस, घालतात आणि त्यांना त्यात मांसाहार वाटत नाही. "जे" म्हणा, म्हणजे मांस, मासे, अंडं काहीच नको. पिवळ्या झेंडीवर लाल थाई अक्षर दिसलं की डोळे मिटून खा. कांदा-लसूणही नसतो, सासूबाईसुद्धा जेवतील. त्याच सिलोम रस्त्यावर बरंच पुढं तमिळ लोकांनी बांधलेलं मारिअम्मनचं देऊळ आहे, आजूबाजूला भारतीय हॉटेलं मिळतात. आधी तिथं जेवा, मग सोय ४ ला बिअर.

आणि ऑनलाइन अरायव्हल कार्ड विसरू नका, १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. व्हेप ओढत असाल तर घरी ठेवा, तिकडंही बंदीच.

अवांतर: २३ जानेवारी २०२५ पासून थायलंडमध्ये दोन पुरुषांचं किंवा दोन बायकांचं लग्न कायद्यानं होतं. तिथल्या लग्नांचे फोटो बघून मी अख्खी दुपार घालवली होती.

भडंग_मास्तर

बरं बाबा, पटलं. जा. येताना काय न्हाई आणलंस तरी चालंल, जाताना भडंग घिऊन जा. बिअरसंगं त्याला तोड न्हाई.

विश्रामबागवाला

परत आलो. सगळ्यांचे आभार, वांगीताईंचे दुप्पट. "जे" शब्दावर चार दिवस निघाले. (भडंग पहिल्याच रात्री खोलीत संपला.)

मिरजकरांनी खुर्च्यांचं लिहिलं होतं ते खरं. मी सवयीनं समोरची जागा शोधत उभा राहिलो, तर टेबलाच्या समोर खुर्चीच नव्हती. वेटरनं एकच मेनूकार्ड आणून दोघांच्या मधे ठेवलं. पार्टनर त्यावरून अजून चिडवतो.

डीजे स्टेशनलाही गेलो. पुढं जाणाऱ्यांसाठी: दारात पासपोर्ट मागितला, माझ्याकडं मोबाइलमधला फोटो होता, तो चालला नाही. हॉटेलवर जाऊन परत यावं लागलं. मूळ प्रतच खिशात ठेवा.