मदत हवी आहे: आयपीएफ (फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार), पिरफेनिडोन हे औषध चालू असताना नव्या औषधाची चाचणी

बाबा ७१ वर्षांचे, सांगलीत असतात. आयपीएफ, एफव्हीसी (खोल श्वास घेऊन जोराने बाहेर सोडता येणारी हवा) अपेक्षेच्या ५८ टक्के. निन्टेडॅनिब या औषधाने इतके जुलाब झाले की डोस १५० वरून १०० वर आणूनही शेवटी बंद करावं लागलं. पिरफेनिडोन सोसतंय, पण जिना चढताना अर्ध्यावर कठडा धरून उभे राहतात. बघवत नाही.

नेरँडोमिलास्ट या आयपीएफच्या नव्या औषधाला अमेरिकेत ऑक्टोबर २०२५ मध्ये मान्यता मिळाली. पिरफेनिडोनसोबत घेतल्यास मात्र त्याचं रक्तातलं प्रमाण घटतं. माझी अडचण तीच आहे.

सीटीआरआयवर (भारतातल्या औषध-चाचण्यांची सरकारी नोंदवही) शोधून झालं. डॉक्टर म्हणतात, चाचणी सापडली तर कागद दाखवा. महिन्यातून एकदा पुण्या-मुंबईला नेणं जमेल. ऑक्सिजन फक्त रात्री लागतो.

आयपीएफच्या कुठल्याही नव्या औषधाच्या चाचणीत तुमच्या घरचं कुणी गेलं असेल, तर पिरफेनिडोन आधी बंद करायला लावलं का, आणि किती दिवस?