१२ फुटी प्लायवूडची होडी : नाळेजवळचा पीळ आणि मागे सरकणारा भार

नमस्कार.

दाभोळच्या खाडीत दोघांना वल्हवत फिरता यावे, एवढ्याच हेतूने सपाट तळाची १२ फुटी होडी घरी बांधण्याचे ठरवले आहे. ६ मिमी मरीन प्लायची ८ फुटी शीट १:८ उताराच्या तिरक्या सांध्याने लांबवून, तांब्याच्या तारेचे टाके घालून, कडा इपॉक्सी आणि काचतंतूच्या पट्टीने जोडायच्या आहेत. प्लाय अजून घेतलेला नाही. चुका पुठ्ठ्यावरच सापडलेल्या बऱ्या.

त्या सापडल्याही. १:१० मापाच्या नमुन्यात बाजूचा पुठ्ठा नाळेपासून (होडीच्या अगदी पुढच्या, दोन्ही बाजू जुळतात त्या टोकापासून) ४ सेंमीवर, म्हणजे खऱ्या होडीत ४० सेंमीवर, फुगला आणि त्याला घडी पडली. मधल्या चौकटीत (होडीला आडव्या बसणाऱ्या सांगाड्यात) बाजू १८ अंश बाहेर कलते, पहिल्या चौकटीत ३० अंश, आणि नाळेशी ती पुन्हा जवळजवळ उभी होते. इतक्या थोड्या अंतरात हा पीळ पुठ्ठ्याला झेपत नसेल, तर प्लायला झेपणे कठीणच. पहिला कल २० अंशांवर आणला की घडी जाते, परंतु पुढचा भाग अरुंद होऊन लाटेचे पाणी आत येईल, अशी धास्ती वाटते. कल तसाच ठेवून नाळच पुढे झुकवली, तर पीळ सुटेल का?

दुसरी अडचण भाराची आहे. पाण्यातली लांबी ३.२ मीटर धरून ०.८ मीटर अंतरावरच्या तीन छेदांची पाण्याखालची क्षेत्रफळे पुढून मागे ०.०६३, ०.११४ आणि ०.०८० चौ. मी. आली. छेदांच्या क्षेत्रफळांवरून घनफळ काढण्याच्या सिम्पसनच्या नियमाने पाण्याखालचे घनफळ २१३ लिटर होते, त्यामुळे माणसे, होडी आणि सामान मिळून २०० किलो तरण्याची चिंता नाही. मात्र घनफळाचे केंद्र पुढच्या टोकापासून १.६७ मीटरवर असताना, सोबती मागे २.७ मीटरवर बसला की भाराचे केंद्र १.९६ मीटरवर जाते, म्हणजे होडीचे मागचे टोक पाण्यात दबते. ओळखीच्या वयस्कर सुतारांनी नमुन्याच्या मागच्या टोकावर अंगठा दाबून 'ही मागे बसणार' असे क्षणात सांगितले होते. मला त्यासाठी दोन संध्याकाळी आकडेमोड करावी लागली.

आता मागचा तळ रुंद करावा, की वल्हवणाऱ्याची बैठक पुढे न्यावी? तळ रुंद केल्यास एकट्याने वल्हवताना नाळ पाण्यात दबेल, असे वाटते. सपाट तळाची होडी स्वतः बांधलेल्यांनी कृपया आपापल्या चौकटींची मापे आणि बैठकांची जागा कळवावी.