आधी दवाखाना, तक्रारीचं नंतर

ताई, बलात्कार झाला तर आधी पोलीस ठाण्यात तक्रार मगच दवाखाना असं तुम्ही म्हणताय, पण तसं नाहीये. नागपूरची सरकारी रुग्णालयं मेडिकल असो, मेयो असो की एखादं प्रायव्हेट हॉस्पिटल, तक्रार नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत आणि तेही फुकट, कायद्यातच आहे हे. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकं लवकर तितकं बरं. पुरावा टिकावा म्हणून जमलं तर अंघोळ न करता जा, कपडे कागदी पिशवीत ठेवा, पण अंघोळ झाली असेल तरी जाच. आणि घरच्यांनी प्लीज 'तू तिथं गेलीच कशाला' हे विचारू नये हो, फार लागतं ते. मनाला त्रास वर्षांनीही होतो, तेव्हाही महिला हेल्पलाइन १८१ किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करता येतो.