जावयाच्या घराण्याचा अमेरिकेतला मूळ पुरुष कसा शोधायचा?

सिडकोची_आजी: नमस्कार मंडळी, मुलगी बोस्टनजवळ असते, जावई तिथलाच, अमेरिकन. नातीसाठी दोन्हीकडची वंशावळ करायचीये. आमची सोपी गेली, गंगेवर आमच्या तीर्थोपाध्यांच्या चोपडीत सासऱ्यांच्या आजोबांची सही, गाव, भावांची नावं सगळं निघालं. जावयाकडे घरात एवढंच सांगतात की मूळ पुरुष १६३० च्या सुमारास इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला आला. विहीणबाईंकडे १८५० पर्यंतची नावं आहेत, त्यामागे काहीच नाही. नेटवर कोणीतरी केलेली वंशावळ सापडलीये, थेट १६३० पर्यंत जाते, ती घेऊ का?

कॉलेजरोडकर: ताई ती आहे तशी उचलू नका. प्रत्येक पिढीला अमक्याचा मुलगा तमका हे कशावरून ते विचारा, कागद नसेल तर तिथेच थांबा, कारण तिकडे एकाच गावात एकाच नावाचे तीन तीन जॉन असतात आणि लोक दुसऱ्याचाच बाप जोडून मोकळे होतात. १८५० ला अडणं साहजिक आहे. त्यांची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी, पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी घरातल्यांचे नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या सगळ्यांची नावं लिहायला लागले (गुलामांची तेव्हाही नाहीत). पण मॅसॅच्युसेट्स म्हणजे तुमचं नशीब चांगलं, तिथल्या गावांनी सतराव्या शतकापासून जन्म-लग्न-मृत्यू लिहून ठेवलेत, १८५० पर्यंतच्या नोंदींची बऱ्याच गावांची पुस्तकंही छापलीत. फॅमिलीसर्च या जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर फुकट खातं काढा. आणि मृत्युपत्रं बघाच, मुलीचं नाव, तिच्या नवऱ्याचं आडनाव, सोबत घरातल्या सामानाची यादी, गाय किती, गाद्या किती, पितळी किटली कोणाला, सगळं असतं. माझ्या मते नात्याला याच्याइतका पक्का पुरावा नाही.

पंचवटीकर_७: वरच्यांना अनुमोदन. एक भर, १७५२ च्या आधीच्या तारखा जपून वाचा. आपलं शक जसं पाडव्याला बदलतं तसं त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. म्हणजे लग्न मे १६९० आणि पोर फेब्रुवारी १६९० असं दिसलं तर दचकू नका, तो फेब्रुवारी नंतरचा, आपल्या हिशोबाने १६९१. म्हणून कुठेकुठे १६९०/९१ असं लिहिलेलं दिसेल. आणि जुन्या नोंदीत नुसता ‘पहिला महिना’ असेल तर तो मार्च.

इंदिरानगर_वाचक: घराण्यातलं कोणी १७७५ ते ८३ च्या स्वातंत्र्ययुद्धात होतं का विचारा. त्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली तिकडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, ऑनलाइनपण दिसतात. विधवेला लग्न झाल्याचा पुरावा द्यावा लागायचा आणि काहीजणींनी घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखा लिहिलेलं पानच फाडून अर्जाला जोडलंय! अशी फाईल मिळाली तर १७९० ते १८४० चं अंतर एका दमात पार होईल.

सिडकोची_आजी: सगळ्यांचे मनापासून आभार. विहीणबाईंना लगेच मेसेज टाकला, त्यांच्या थोरल्या जावेकडे जुनं बायबल आहे म्हणे, पहिल्या पानांचे फोटो मागवलेत. ती नेटवरची वंशावळ बाजूला ठेवते, १८५० च्या आजोबांचं गाव माहितीये, आधी त्यांच्या वडिलांचं मृत्युपत्र शोधते. अक्षर लागलं नाही तर फोटो इथे टाकते, वाचायला मदत करा.