जादा दिवे आणि ॲम्प्लिफायरच्या पंख्यांसाठी रिले कोणता निवडावा?

प्रश्न: गाडीत १२ व्होल्टचे जादा दिवे आणि ॲम्प्लिफायरसाठी दोन पंखे बसवायचे आहेत. रिलेवर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत कळीवर) ‘३०/४० अँपिअर’ छापलेले असते. त्यावर कितपत विसंबावे?

पहिले उत्तर: त्यातील ४० हा आकडा सामान्यतः ८७ क्रमांकाच्या (रिले चालू झाल्यावर जोडल्या जाणाऱ्या), तर ३० हा ८७ए या (रिले बंद असताना जोडलेल्या) संपर्काचा असतो. हॅलोजन दिवा थंड असताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, त्यामुळे संपर्क चिकटू नयेत यासाठी भार क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास ठेवणे मला योग्य वाटते. इंजिनाजवळ सीलबंद रिलेच बसवावा.

दुसरे उत्तर: सहमत आहे; मात्र गुंडाळीला (रिले चालवणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला) समांतर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) किंवा रोध (रेझिस्टर) असलेला रिले घ्यावा, अन्यथा प्रवाह तुटताना उठणारा उच्च व्होल्टेजचा झटका स्टिरिओच्या रिमोट आउटपुटला (ॲम्प्लिफायर चालू करण्याचा इशारा देणाऱ्या तारेच्या जोडणीला) इजा करू शकतो. डायोड असल्यास ८५ आणि ८६ या गुंडाळीच्या टोकांची ध्रुवता (धन-ऋण बाजू) पाळावीच लागते. ॲम्प्लिफायरची मुख्य तार (इथे अनेकजण चूक करतात) रिलेतून न नेता बॅटरीजवळच्या फ्यूजमधून थेट न्यावी.

प्रश्नकर्ता: मग पंख्यांचा रिले रिमोट तारेवर चालेल का?

दुसरे उत्तर: चालेल, गुंडाळी साधारणपणे १५० ते २०० मिलिअँपिअर घेते, तेवढी क्षमता स्टिरिओच्या माहितीपुस्तिकेत आधी तपासून घ्यावी.