उजवा गुडघा दुमडत नाही, नीलिंग सोडवत नाही: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वय ६१, उजव्या हाताचा नेमबाज. कॉलेजात एनसीसीला असताना पॉइंट टू-टू रायफल लेटून चालवली होती, तेवढीच पूर्वपुण्याई. निवृत्तीनंतर पुन्हा रेंजवर जायला लागलो. आधी १० मीटर एअर रायफल, आणि गेल्या वर्षापासून ५० मीटर थ्री पोझिशन. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून रेंज पोरांनी गजबजलेली असते. त्यांच्यात पांढऱ्या केसांचा मी एकटाच.

दुखणं असं. १९८६ ला कबड्डीत उजवा गुडघा गेला. तेव्हा पट्टी बांधून, लेप लावून महिनाभर घरी बसलो आणि विषय संपला असं समजलो. आता पाय पूर्ण दुमडला की आतल्या बाजूने कळ येते. आणि नीलिंगमध्ये, म्हणजे एक गुडघा टेकून, बसायचं नेमकं याच पायावर! शिवाय मॅचचा क्रमच असा की आधी गुडघ्यावर २० गोळ्या, मग लेटून २०, मग उभ्याने २०, सगळं मिळून दीड तासात. आठव्या-नवव्या गोळीला पावलाला मुंग्या येतात. पंधराव्यानंतर पाऊल माझं की शेजारच्या लेनवाल्याचं, कळत नाही. मागच्या मॅचला रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि उठायला गेलो, तर उठताच येईना. रेंज ऑफिसर हळूच म्हणाले, "काका, हात देऊ का?"

स्कोअर: नीलिंग १६१, प्रोन (लेटून) १८८, स्टँडिंग १६६. बसून उभ्यापेक्षा कमी, म्हणजे सांगायचीही चोरी.

दुसरी तक्रार मान आणि चष्म्याची. प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे. गाल चीकपीसला (रायफलच्या गाल टेकायच्या भागाला) लावला की फ्रंट साइटची, म्हणजे नळीच्या टोकाच्या नेमयंत्राची, रिंग धूसर दिसते, मग मान आणखी पुढे काढतो आणि रात्री ती आखडते.

कोणी असाच जुना गुडघा घेऊन नीलिंग बसवलं आहे का? "आता नुसतं प्रोन मारा" हा सल्ला कृपया नको, तो घरी फुकट मिळतो.

प्रतिसाद १
काका, नीलिंगचा रोल (पावलाच्या घोट्याखाली ठेवायची गोल उशी) किती भरलाय? नियमात २५ सेंमी लांब आणि १८ सेंमी व्यासापर्यंत चालतो. बहुतेकांचा अर्धवट भरून चपटा झालेला असतो. भरून उंच करा, बूड वर येईल आणि गुडघा तितका कमी दुमडेल. वजन टाचेवर आणि रोलवर हवं, गुडघा नुसता टेकलेला. तो नेमाच्या रेषेपासून थोडा बाहेर वळवून बघा, तरुण पोरांच्या फोटोतला कोन तुमच्या पायाला मानवेलच असं नाही. बैठक उंचावली की स्लिंग (रायफलला आधार देणारा हाताचा पट्टा) नव्याने लावा, जुन्या भोकावर विसंबू नका. आणि २० गोळ्या एका दमात मारायचं बंधन कुठे आहे? दहा झाल्या की उठा, पाय झटका, परत बसा. परत बसल्यावर मात्र डोळे मिटून दोन श्वास घ्या आणि उघडा. रिंग टार्गेटच्या काळ्या गोलावर नसेल तर हाताने ओढू नका, सगळी बैठकच फिरवा.

प्रतिसाद २
चष्म्याबद्दल. गाल टेकवल्यावर आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून बघतो. तिथे लांबचा नंबर असतो आणि फ्रंट साइट मीटरभरावर. धूसर दिसणारच. नेमबाजीची वेगळी फ्रेम घ्या, एकच काच, डोळ्यासमोर सरळ. नंबर लांबच्यापेक्षा साधारण अधिक अर्धा लागतो. दुकानात रायफल नेता येत नाही, म्हणून पोझिशनमध्ये असताना डोळ्यापासून फ्रंट साइटपर्यंत दोरी धरून मोजा आणि ती दोरी घेऊन जा. मानेसाठी दोन्ही साइट सारख्याच उंच करणारे रायझर मिळतात. साइट डोळ्यापर्यंत आणा, डोकं साइटपर्यंत नेऊ नका.

प्रतिसाद ३
विषयांतर, पण या वयात विचारायलाच हवं: बीपीची गोळी कोणती? बीटा ब्लॉकर (अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे, शेवटी ‘लॉल’) असेल तर नेमबाजीत त्यावर बंदी आहे, मॅचच्या दिवशीच नव्हे, एरवीही. पण मनाने गोळी बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. गोळी बघितली, ‘लॉल’ नाही, सुटलो. दोरी मोजली, ९४ सेंमी, काच करायला टाकली आहे. रोल मात्र गंमत करतोय. गच्च भरला तर गुडघ्याची कळ जवळपास गेली, पण पाऊल आता सहाव्या गोळीलाच झोपतं. पावलाची वरची बाजू कडक रोलवर दाबली जात असावी. थोडं भरण काढलं की मुंग्या लांबतात आणि कळ परत येते. मधोमध खाच राहील असा रोल कोणी भरलाय का? आत काय भरलं होतं?